११ वर्षांच्या मुलीसाठी पहिली दुर्बीण कोणती घ्यावी? ५२५ पट मोठं दाखवणारी चांगली की १५० पटवाली?

५२५ पटवाली अजिबात घेऊ नका. माझ्याकडे तीच होती.

मी बारा वर्षांचा असताना बाबांनी आणली. ६० मिलिमीटरचं भिंग, ७०० मिलिमीटर नाभीय अंतर, ४ मिलिमीटरचं आयपीस, म्हणजे डोळ्याला लावायचं छोटं भिंग, आणि वर चित्र आणखी ३ पट मोठं करणारं जोडभिंग, बार्लो. ७०० भागिले ४, गुणिले ३, झाले ५२५. हिशेब बरोबर, उपयोग शून्य. भिंगाच्या मिलिमीटरच्या साधारण दुप्पट, म्हणजे ६० ला १२० पट, त्यापुढे चित्र नुसतं फुगतं आणि अंधुक होतं. हे तेव्हा सांगणार कोण? मी सगळ्यात मोठा आकडा लावूनच शनी शोधत बसायचो. स्टँडचे पाय काड्यांसारखे. फोकसला हात लागला की चित्र थरथरायचं, आणि थरथर थांबेपर्यंत पृथ्वीच्या फिरण्याने शनी बाहेर गेलेला असायचा. आठ-दहा रात्री झटलो, मग दुर्बीण माळ्यावर गेली. पुढे परीक्षेचा निकाल असो की नोकरी बदलणं असो, बाबांचं वाक्य ठरलेलं: "याच्यात चिकाटीच नाही. दुर्बिणीचं काय केलंस?"

चौतिसाव्या वर्षी तीच नळी खाली काढली. कॅमेऱ्याच्या जड ट्रायपॉडवर पट्ट्यांनी आवळली, बार्लो काढून टाकला आणि खोक्यातलंच २० मिलिमीटरचं आयपीस लावलं. ३५ पट. शनी इवलासा, पण कडं स्पष्ट वेगळं दिसत होतं. बाबांना हाक मारली. ते बराच वेळ डोळा लावून उभे राहिले. "हीच ती?" एवढंच विचारलं. चिकाटीचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.

तर आधी स्टँड बघा, मग भिंगाचा किंवा आरशाचा व्यास. पट सगळ्यात शेवटी. माझं मत विचाराल तर ६ इंची डॉब्सोनियन. जॉन डॉब्सन यांनी रस्त्यावरच्या लोकांना आकाश दाखवायला रूढ केलेली ही आरशाची दुर्बीण, साध्या फिरत्या पेटीत बसवलेली, ती थरथरत नाही. तिचा ६ इंची, म्हणजे १५० मिलिमीटरचा आरसा ६० च्या भिंगापेक्षा सहा पटींहून जास्त प्रकाश गोळा करतो. मात्र ती जड असते, मुलीला एकटीला उचलणार नाही. तसं असेल तर टेबलावर ठेवायची ११४ किंवा १३० मिलिमीटरची बघा, पण टेबल भक्कम हवं. खोक्यावरच्या रंगीत तेजोमेघांवर जाऊ नका, डोळ्याला ते राखाडी धुक्यासारखेच दिसतात. आयपीसला लावायचा सूर्याचा फिल्टर सोबत आला तर त्याच दिवशी फेकून द्या. तो तापून तडकतो आणि डोळा जातो. सूर्याचा फिल्टर नेहमी नळीच्या पुढच्या तोंडावर लागतो.

आणि मुलीने दोन रात्रींत कंटाळून दुर्बीण सोडलीच, तर आधी स्टँड हलवून बघा, तिने कुठलं आयपीस लावलंय ते बघा. मग तिला काय बोलायचं ते बोला.