स्टीलची भांडी एकत्र जोडली की ती कला कशी होते? आणि जोडली कामगारांनी, मग नाव कलाकाराचं का?

दिल्लीत साकेतच्या किरण नाडर म्युझियमचं 'लाइन ऑफ कंट्रोल' पाहून तुम्ही हे विचारलंय. सुबोध गुप्तांचं काम, २००८ सालचं, भांड्यांचा दहा मीटर उंच अणुस्फोटाचा ढग. तुमच्या प्रश्नातलं "वेल्डिंग तर मजुरांनी केलं" हे वाक्य मला लागलं म्हणून लिहितोय, कारण माझं भोसरीत स्टेनलेस स्टीलच्या फॅब्रिकेशनचं शेड आहे आणि असं एक काम आमच्याकडे झालंय.

एका शिल्पकार मॅडमचं होतं, मुंबईतल्या एका गॅलरीसाठी, आत पाइपचा सांगाडा आणि वरून पातळ पत्र्याचे वाकवलेले तुकडे, असं की माणूस खालून चालत जाईल. आम्ही रोज हॉटेलांची टेबलं, सिंक, रेलिंग करतो, त्यामुळे वाटलं ड्रॉइंग आलं की लागू कामाला, पण मॅडम रोज शेडमध्ये यायच्या, टॅक मारलेला, म्हणजे तात्पुरता जोडलेला तुकडा लांबून बघायच्या आणि म्हणायच्या काढा, बोटभर खाली घ्या. मिस्त्री वैतागायचे, कारण पातळ पत्र्यावर टिग वेल्डिंग मारताना करंट जरा वाढला की भोक पडतं आणि तोच जोड परत परत कापून लावला की कडा खराब होते. शेवटी बफिंगची, म्हणजे घासून चमकवायची वेळ आली तर म्हणाल्या जोडाशेजारचा निळा-सोनेरी पट्टा घालवू नका. आता आमच्या धंद्यात तो डाग समजतात, पिकलिंग पेस्ट (ॲसिडची पेस्ट) लावून काढायचा असतो, नाहीतर गिऱ्हाईक बिल अडवतं. मिस्त्री म्हणाले लोक आपल्याला नावं ठेवतील. मॅडम ऐकेनात.

गॅलरीत लाइट लागले तेव्हा कळलं. सगळा पत्रा पांढरा चमकत होता आणि प्रत्येक जोडापाशी तो निळा पट्टा, म्हणजे कुठे आच लागली, कुठे हात थांबला, सगळं दिसत होतं. मिस्त्री कितीतरी वेळ एकाच जोडापाशी उभे राहिले. आणि तिथेच आमचे थोरले मेहुणे, आयुष्य बँकेत गेलं, चार पाहुण्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "घाम तुमचा आणि नाव बाईंचं, फसवलं की हो तुम्हाला." तेव्हापासून दर दिवाळीला हा वाद होतो.

मला कुणी फसवलेलं नाही. पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले आणि तो पट्टा ठेवायचा हे माझ्या डोक्यात जन्मात आलं नसतं. कलाकाराने स्वतः वेल्डिंगची टॉर्च धरली पाहिजे हा हट्ट ज्यांनी शेडमध्ये कधी पाय ठेवला नाही तेच धरतात. आपल्या मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर, त्यांचं शिकागोचं 'क्लाउड गेट' १६८ पत्रे जोडून केलंय आणि एकही जोड दिसत नाही, ते काय एकट्या माणसाने घासलं असेल? ज्यांनी घासलं त्यांना मी मनापासून नमस्कार करतो, पण आकार कपूरांचाच. हां, भिंतीवरच्या पाटीवर फॅब्रिकेटर आणि मिस्त्री यांची नावं आली पाहिजेत, हे मात्र मी गॅलरीवाल्यांना सांगत आलोय आणि सांगत राहणार.

आता गुप्तांचं ते काम एवढं मोठं का. नंतर दिल्लीला गेलो तेव्हा बायकोला घेऊन साकेतला गेलो. मी धंद्याच्या नजरेने आधी वजनच बघितलं, सुमारे २६ टन, भांडी एवढा भार घेऊच शकत नाहीत, आतला स्टीलचा सांगाडा घेतो. बायको मात्र बघता बघता गप्प झाली. ताटं, तांबे, डबे, पातेली, म्हणजे रुखवतात मांडतो, नाव घालून देतो, जुने कपडे देऊन बोहारणीकडून घेतो तेच सगळं, आणि ते डोक्यावर ढग होऊन उभं. १९९८ साली पोखरण आणि मग पाकिस्तानचे स्फोट झाले तेव्हा आपण टीव्हीसमोर जेवतच होतो ना. टेबलावर मावेल एवढं केलं असतं तर शोभेची वस्तू झाली असती, इथे मान वर करावी लागते आणि आपण त्याच्या खाली असतो. मला तरी यापेक्षा वेगळं कारण लागत नाही.

सगळीच मोठी इन्स्टॉलेशन्स अशी असतात असं नाही, नुसता हॉल भरायला केलेलीही पुष्कळ बघितलीत आणि तिथून मी पाच मिनिटांत बाहेर पडतो. गुप्तांचंही सगळंच आवडतं असं नाही. चुंबक लावून स्टीलची ग्रेड तपासावी असं फार वाटलं होतं पण हात लावू देत नाहीत.

परत गेलात तर लांबून फोटो काढून निघू नका, जवळ जाऊन दोन भांडी कुठे टेकलीत ते बघा. आणि बरोबर कुणी "हे तर आमचा वेल्डर पण करेल" म्हणालं तर त्याला सांगा, वेल्डर करेलच, पण काय करायचं ते आधी कुणालातरी सुचावं लागतं. आमच्या मेहुण्यांना हे अजून पटलेलं नाही. म्युझियमला तिकीट नाही, सोमवारी बंद असतं.