स्लाइडच्या आधी दुकान

वाचकांचे प्रश्न : कॉलेज आणि पुढे

प्रश्न : नमस्कार मॅडम. आम्ही तिघी मैत्रिणी तासगावच्या, बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहोत. एका कंपनीने कॉलेजच्या संघांसाठी मार्केटिंग केस स्टडी स्पर्धा ठेवली आहे, त्यात आम्ही नाव दिलंय. केस अशी : सुकामेवा विकणाऱ्या एका कंपनीचा बेदाणा दिवाळीत चांगला खपतो, बाकी वर्षभर उठाव नाही. अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींनी तो वर्षभर खावा म्हणून 50 लाख रुपयांत बसणारी योजना द्यायची. पहिल्या फेरीला सहा स्लाइड पाठवायच्या, निवड झाली तर अंतिम फेरी पुण्यात. आम्ही गूगल फॉर्मवर सर्व्हे केला. 120 जणांनी भरला आणि बहुतेकांनी ‘हेल्दी स्नॅक आवडेल’ असं लिहिलं. म्हणून एखाद्या क्रिकेटपटूला घेऊन इन्स्टाग्रामवर मोहीम काढावी असं सुचवतोय. स्वॉट (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके), फोर पी (वस्तू, किंमत, विक्रीची जागा, जाहिरात) सगळं घातलंय, तरी मन भरत नाही. शिवाय आमचं इंग्रजी पुण्या-मुंबईच्या मुलांसारखं सफाईदार नाही. काय करावं?

उत्तर : तिघींनो, मन भरत नाही हे तुमचं तुम्हालाच जाणवलं, याचं मला फार बरं वाटलं. कारणही तुमच्या पत्रातच आहे. बेदाण्याच्या गावात राहून तुम्ही आराखडा केलात आणि त्यात बेदाणा कुठे दिसतच नाही. तो शब्द खोडून तिथे मखाणा लिहा, नाहीतर प्रोटीन बार लिहा. एकही स्लाइड बदलावी लागणार नाही. परीक्षक म्हणून बसते तेव्हा प्रत्येक संघाला मी आधी हीच चाचणी लावते. क्रिकेटपटू, रील, कॉलेज फेस्टमधला स्टॉल हे जवळजवळ सगळ्यांकडून येतं. चॅटजीपीटीला विचारलं तरी हेच मिळतं, आणि परीक्षकांनीही ते विचारून पाहिलेलं असतं.

तेव्हा दोन दिवस लॅपटॉप मिटून ठेवा.

पहिला दिवस दुकानात घालवा. एसटी स्टँडजवळचं ओळखीचं एखादं दुकान बघा, कॉलेज सुटायच्या वेळी जा, दुकानदारकाकांना विचारून काउंटरच्या कडेला उभ्या राहा. तुमच्या वयाची मुलगी दहा रुपये पुढे करते तेव्हा नाव घेऊन काही मागते, की वर लटकलेल्या माळेकडे बोट दाखवते? चटपटीत घेते की गोड? एकटी खाते की चौघींत वाटून? तिथल्या तिथे वहीत टिपून ठेवा. गर्दी ओसरली की काकांना विचारा, दहा रुपयांचं बेदाण्याचं पाकीट ठेवाल का. मी अर्धं आयुष्य विक्रीच्या कामात घालवलं. तिथे सुक्यामेव्याच्या छोट्या पाकिटांबद्दल ऐकलेली उत्तरं साधारण अशी : पावसाळ्यात माल चिकट होतो, मुंग्या लागतात, खराब झालेला कंपनी परत घेत नाही, आणि बरणीत सुटा असताना पाकीट कोण घेणार. तुमचे काका आणखी काही वेगळं सांगतील. त्यातलं एक वाक्य जरी त्यांच्याच शब्दांत तुमच्या स्लाइडवर आलं, तरी परीक्षक थांबून वाचेल. ते दुसऱ्या कुठल्याही संघाकडे नसतं.

तुमच्या सर्व्हेबद्दल स्पष्टच सांगते. ‘हेल्दी स्नॅक आवडेल का’ या प्रश्नाला नाही कोण म्हणणार? त्यापेक्षा वीस जणांना समोर बसवून विचारा : काल दुपारी चार ते सातमध्ये काय खाल्लं, कुठून घेतलं, किती पैसे दिले आणि बेदाणा शेवटचा कधी खाल्ला. शेवटच्या प्रश्नाला बरेच जण ‘शिऱ्यात’ किंवा ‘प्रसादात’ म्हणतील असा माझा अंदाज आहे. तसं निघालं तर बेदाणा खाल्ला जातोय, फक्त मुलं स्वतःच्या पैशांनी तो घेत नाहीत, घरातलं मोठं माणूस घेतं. मग तुमची अडचण ‘बेदाणा आवडत नाही’ ही राहत नाही, ‘खिशातले दहा रुपये त्यावर का खर्चावेत’ ही होते. या दोन्हींची उत्तरं अगदी वेगळी आहेत.

लोक आवडेल म्हणतात, पण त्यांच्या दिवसात ती वस्तू बसत नाही. केलॉग्जचं असंच झालं. 1994 मध्ये कंपनी भारतात आली, आपल्या तळोजाला कारखाना घातला. कॉर्नफ्लेक्सची सगळी शान कुरकुरीतपणात, आणि तो थंड दुधात टिकतो. आपल्याकडे दूध तापवायचं आणि गरमच घ्यायचं. गरम दुधात पडले की ते मऊ होऊन जात. बऱ्याच घरांनी एकदा आणून पाहिले आणि पुन्हा पोह्या-उपम्याकडे वळले. पुढे कंपनीने छोटी पाकिटं आणली, मुलांसाठी चॉकोज आणले, तेव्हा हळूहळू बस्तान बसलं. दूध कसं घेता, हे कुणाच्याही स्वयंपाकघरात सकाळी उभं राहिलं असतं तर दिसलं असतं.

आता हिशेब. इथेच बहुतेक संघ गारद होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. आकडे मी नुसते धरून चालते आहे, खरे तुम्ही शोधायचे. वीस ग्रॅमचं पाकीट, एमआरपी 10 रुपये. बेदाणा 250 रुपये किलो धरला तर आतला माल 5 रुपयांचा. पॅकिंग 75 पैसे, दुकानदाराचं मार्जिन दीड रुपया, डिस्ट्रिब्युटरचे 60 पैसे, वाहतूक आणि कर मिळून 65 पैसे. कंपनीच्या हातात राहिला दीड रुपया. तुमचे 50 लाख क्रिकेटपटूवर आणि जाहिरातीवर गेले, तर नुसते तेवढे भरून यायला 33 लाखांहून जास्त पाकिटं खपायला हवीत. ती कुठल्या दुकानांतून, किती दिवसांत? परीक्षकाचा पहिला प्रश्न हाच असेल.

म्हणून दुसरा दिवस शेडवर. तासगावात कुणाच्या ना कुणाच्या घरी बेदाण्याचं, म्हणजे द्राक्षं सुकवायचं, शेड असतंच. तिथे प्रतवारी चालू असेल तर बघा. लांब हिरवा मणी दिवाळीच्या डब्यासाठी चढ्या भावाने जातो, बारीक मणी खाली राहतो. एखाद्या प्रतीचा बारीक पण गोड माल 180 रुपयांनी मिळाला असं धरा. मग पाकिटातला माल 3 रुपये 60 पैशांचा, आणि कंपनीच्या हातात दीड रुपयाऐवजी 2 रुपये 90 पैसे. 33 लाखांचा आकडा सव्वासतरा लाखांवर येतो. डब्यात ठेवायला मण्याचा आकार बघतात, पाकिटातून तोंडात टाकणाऱ्याला तो दिसतही नाही. असं उत्तर तासगावच्या मुलींना सुचेल, मुंबईच्या संघाला सुचणं अवघड. एक सावधगिरी मात्र बाळगा. हिरवा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा त्या मालाच्या पाकिटावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं लिहू नका, खरं तेच लिहा. अठरा वर्षांचा मुलगा पाकीट उलटून वाचतो आणि मोबाइलवर शोधतोही.

छोट्या पुडीचं अर्थकारण समजून घ्यायचं असेल तर शाम्पूचा इतिहास बघा. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीत आणला. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये चिक शाम्पू सुरू केला. कुठल्याही कंपनीच्या रिकाम्या पुड्या आणा आणि चिकची पुडी फुकट न्या, अशी त्यांची स्कीम होती. पुढे फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्या घ्यायला लागले. या स्कीमला कुठलाही तारा लागला नाही. गिऱ्हाइकाच्या हातात पुडी आली आणि दुकानदाराला ती मागवावी लागली. तुमच्या 50 लाखांतला मोठा वाटा असा दुकानापर्यंत पोचला पाहिजे.

सहा स्लाइडमध्ये स्वॉट आणि फोर पी यांना जागा देऊ नका. ते तुमच्या वहीत असू दे, विचार करायला उपयोगी आहे. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमधली पहिली केस 1921 मध्ये लिहिली गेली, एका बूट कंपनीची, जेमतेम पानभर. तिच्यात एक प्रसंग होता आणि काय करायचं ते ठरवायचं होतं. अजूनही केस म्हणजे तेवढंच : कुणालातरी एक निर्णय घ्यायचाय. पहिल्याच स्लाइडवर तो एका वाक्यात लिहा. मग दुकानात काय पाहिलं, वीस जण काय बोलले, पाकीट कसं असेल, हिशेब, आणि पहिल्या तीन महिन्यांत कुठल्या एका शहरात करून बघायचं. शेवटच्या स्लाइडवर, तुम्ही कुठल्या दोन गोष्टी विचार करून सोडून दिल्या आणि का, तेही लिहा. हे फार थोडे लिहितात, आणि मला नेहमी तेच सगळ्यात आधी वाचावंसं वाटतं.

इंग्रजीची भीती मनातून काढून टाका. आयोजकांना आजच मेल करून विचारा, सादरीकरण हिंदी किंवा मराठीत चालेल का. नाही म्हणाले तर छोटी वाक्यं लिहा, पाठांतर करू नका. तिघींनी काम वाटून घ्या : दुकानाबद्दल एकीने बोलायचं, मालाबद्दल दुसरीने, आकड्यांबद्दल तिसरीने, आणि जिचा प्रश्न तिनेच उत्तर द्यायचं. हिशेब स्वतः केलेला असला की मोडक्या इंग्रजीतही ठामपणे सांगता येतो. अस्खलित बोलणारे संघ मार्जिनच्या प्रश्नाला एकमेकांकडे बघताना मी पाहिले आहेत.

*

प्रश्न : माझ्या मुलाच्या कॉलेजच्या ग्रुपवर एका केस स्टडी स्पर्धेची जाहिरात आली आहे. माणशी 1,500 रुपये प्रवेश शुल्क, सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणपत्र आणि इंटर्नशिपची हमी. भरावेत का? — एक पालक, नाशिक

उत्तर : माझं मत, भरू नका. कंपन्या स्वतः भरवतात त्या मोठ्या स्पर्धांना सहसा शुल्क नसतं. कॉलेजच्या महोत्सवात घेतात तेही बहुधा नाममात्र. हरल्या-जिंकल्याचा संबंध न ठेवता इंटर्नशिपची हमी मिळत असेल, तर ती कुठल्या कंपनीत, काय कामाची आणि पगारी आहे का, हे लेखी मागा. आयोजक कोण, परीक्षक कोण, मागच्या वर्षीचे विजेते कोण, हे जाहिरातीत नसेल तर विषय संपला. शुल्क नसलेल्या स्पर्धेतही नियमांमधलं एक कलम मुलाला नीट वाचायला सांगा : पाठवलेल्या कल्पनेवर हक्क कुणाचा. तो आयोजकांकडे जाणार असेल आणि मुलाला ती कल्पना पुढे स्वतःच्या धंद्यासाठी वापरायची असेल, तर त्याने तिथे दुसरी कल्पना द्यावी.