बाबा आर्मीतून हवालदार म्हणून रिटायर झालेत. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी त्यांचा फंड मोडावा का, की पतसंस्थेत 12 टक्क्याने ठेवून व्याजातून फी भरावी?

ताई, दोन्ही नको. मी पण फौजेतूनच पेन्शनवर आलोय. आमच्या सातारा भागात फंड जमा झाला की दारात माणसं सुरू होतात, कोण प्लॉट दाखवतो, कोण पतसंस्थेचा एजंट, आणि तो नेमका भावकीतलाच निघतो त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. पण बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, एवढं बाबांना नीट सांगा. दुसरं, त्या रकमेत कम्युटेशनचे पैसे असतील तर तो काय बोनस नाही, बाबांचीच पेन्शन आधी हातात दिलीय, 15 वर्षं दर महिन्याला कापत राहणार.

आता फी. सीईटीच्या कॅप राउंडला, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीला, फॉर्म भरताना डिफेन्स कोटा टाकायला विसरू नका, महाराष्ट्राचं डोमिसाइल असलेल्या माजी सैनिकांच्या मुलांना तो आहे. तुम्ही ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत असाल आणि घरचं उत्पन्न पेन्शन धरून 8 लाखांच्या आत असेल तर 2024-25 पासून मुलींना कॅपमधून मिळालेल्या प्रवेशाला ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, मग फंड मोडायचा विषय बहुतेक संपला.

शिवाय केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान स्कॉलरशिप. मुलींना महिना 3000, म्हणजे वर्षाला 36 हजार. बारावीला 60 टक्के लागतात, आणि ही फर्स्ट इयरलाच भरायची, सेकंड इयरला गेल्यावर कितीही पळापळ केली तरी घेत नाहीत! आमच्याकडे कितीतरी पोरांची इथंच जाते, कारण घरी कुणी सांगतच नाही. धाकटा भाऊ शाळेत असेल तर त्याच्यासाठी वेगळी एज्युकेशन ग्रँट आहे, हवालदार रँकपर्यंत, दोन मुलांना, नोव्हेंबर 2025 पासून ती महिना 1000 ची 2000 झालीय. दोन्हीचे अर्ज ऑनलाइन, पण पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून होते.

एवढं करून कमी पडलं तर एज्युकेशन लोन घ्या, हप्ता कोर्स संपल्यावर सुरू होतो. बाबांच्या वयाला पुन्हा फंड उभा राहत नाही, तुम्ही लोन फेडू शकता.

फंड कुठं ठेवायचा म्हणाल तर सीनियर सिटिझन स्कीम फौजींना 50 व्या वर्षापासून चालते, तोवर पोस्टाची मंथली इन्कम बघा, एकट्याच्या नावावर 9 लाख, जॉइंटला 15 लाखांपर्यंत. बाकी दोन-तीन सरकारी बँकांत एफडी.

आणि आजच बाबांचं डिस्चार्ज बुक उघडून तुमचं नाव नि जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटशी जुळते का बघा. नसेल तर दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून होते आणि त्याला वेळ लागतो, ॲडमिशनच्या गडबडीत होणारं काम नाही ते.