आधी हात, मग काटा

प्रिय पोरा,

मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं. आठवडाभर दुकानाकडं फिरकू नका म्हणालेत, म्हणून नातीला समोर बसवून हे लिहवून घेतोय. रविवारी आखाडातली शेवटची गर्दी, आणि मटण तोडायच्या ठोकळ्यापाशी तू एकटा. तुझ्या सत्तूरची मला काळजी नाही. तू अर्धा किलो म्हणून तोडतोस आणि काट्यावर सातशे ग्रॅम भरतं, त्याची आहे.

मग तू तुकडे काढायला लागतोस. गिऱ्हाईक तेवढंच बघत असतं, काढला तो मांसाचा की हाडाचा. परवाच्या बुधवारी त्या मावशी काही बोलल्या नाहीत, पण पिशवीत दोनदा वाकून पाहिलं. धूसर का होईना, मला दिसलं. म्हणून पहिली टाक, म्हणजे एका वेळी काट्यावर टाकतोस तेवढं मटण, चाळीस-पन्नास ग्रॅम कमीच ठेव, आणि वरनं मांसाचा एक तुकडा घालून वजन भर. हाडानं भरू नकोस.

आता अंदाज. तू नजरेनं मापतोस, तिथंच फसतोस. चाप, म्हणजे बरगड्यांचे तुकडे, पसरट, ढीग मोठा दिसतो आणि वजन निघतं कमी. मांडीचं मांस मूठभर दिसतं आणि काटा खाली बसवतं. फुप्फुसाचं तर विचारूच नकोस, नुसता फुगवटा. सहा महिने काट्याचा आकडा मला धड दिसत नव्हता, तूच वाचून सांगायचास. तरी माझी टाक वीस-तीस ग्रॅमच्या पलीकडं चुकली का, आठवून बघ.

हात तयार करायला लोखंडी वजन उचलत बसू नकोस. अर्ध्या किलोचं वजन इवलंसं असतं, म्हणून तेवढ्याच मटणापेक्षा हाताला जड लागतं, आणि शिकायचं ते उलटं शिकवतं. त्यापेक्षा अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी घे. पाचशे ग्रॅमपेक्षा पंधरा-वीस ग्रॅम जास्त भरते, पण गार असते, ओली असते, मटणासारखी हातात लोळते. सत्तूर उजव्या हातात, म्हणजे उचलणार डावा. रोज शटर उघडायच्या आधी डाव्या तळहातावर ती दहा वेळा घे. नंतर चहाला वापर, वाया जात नाही.

पुढं काट्याचा आपल्याकडचा आकडा फडक्यानं झाक. गिऱ्हाइकाकडचा उघडाच राहू दे, तो त्यांचा हक्क आहे. टाक हातात घे, मनात आकडा धर, काट्यावर ठेव, मग फडकं उचल. तुझा आकडा आणि काट्याचा आकडा, दोन्ही वहीत लिही. वहीला रक्ताचे डाग पडतील, पडू देत.

दुपारी बारानंतर सावध राहा. हात थकला की तेच मटण जड लागतं, आणि अर्धा किलो म्हणून तू साडेचारशे उचलतोस. तेव्हा पुन्हा पिशवी घे.

आमच्या वडिलांचा हात शेरावर बसलेला. 1962 साली किलो सक्तीचा झाला. पावशेर म्हणजे 233 ग्रॅम, पाव किलो 250. फरक एका बारक्या तुकड्याचा. पण ते सांगायचे, वर्षभर हात जुन्याच मापानं तोडत होता आणि रोज संध्याकाळी हिशेब चुकत होता. हात शिकतो उशिरा, आणि विसरतो त्याहून उशिरा. तुझं वय लहान आहे, आताच नीट बसव.

मोठी ऑर्डर आली, कुणाला अडीच किलो हवं असलं, तर अंदाजाच्या नादी लागू नकोस. मागचा फरा, म्हणजे मागची तंगडी, अख्खा काट्यावर ठेव. बारा किलोच्या सोललेल्या बोकडाचा पावणेदोन ते दोन किलो भरतो. उरलेलं चाप आणि सीन्यातनं, म्हणजे छातीच्या भागातनं, घाल. तोडल्यावर फरा परत जोडता येत नाही.

आणखी एक, सकाळी टांगलेलं दुपारपर्यंत सुकून थोडं घटतं. सकाळचं वजन लक्षात धरून दुपारी हिशेब करू नकोस.

रविवारी शटर ओढलंस की वही घेऊन फोन कर. बरोबर आलेले आकडे नकोत, चुकलेले तेवढे वाच.

तुझा,
दुकानातला म्हातारा