१०४ गुण म्हणजे ५२ टक्के, पण पर्सेंटाइल किती?

नमस्कार,

नीलम नगरहून तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिता, बारावीतल्या मुलीला क्लासच्या सीईटी (अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा) सराव परीक्षेत २०० पैकी १०४, म्हणजे ५२ टक्के गुण पडले. शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी ‘९२’ पडले होते, म्हणजे आपली पोरगी ४० टक्क्यांनी मागे. आता कारखान्यातून उचल घेऊन तिला लातूरला रिपीटर बॅचला (पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या क्लासला) टाकावं का?

आधी उचल थांबवा.

शेजारच्या मुलाचे ९२ हे टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहेत. सीईटी अनेक दिवस, वेगवेगळ्या सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. समजा एका सत्रात १०,००० मुलं बसली आणि त्यातल्या ९,२०० मुलांना त्याच्याएवढे किंवा त्याच्याहून कमी गुण पडले, तर त्याचे पर्सेंटाइल ९२. त्याला २०० पैकी १८४ पडले असा याचा अर्थ मुळीच होत नाही. पेपर अवघड निघाला तर कमी गुणांवरही पर्सेंटाइल वर जातं. तेव्हा तुमच्या मुलीचे ५२ टक्के आणि त्याचे ९२ पर्सेंटाइल शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. सीईटीत निम्म्याहून जास्त गुण मिळवणारी मुलं पर्सेंटाइलमध्ये बरीच वर असतात. क्लासवाले जे पर्सेंटाइल सांगतात, ते फक्त त्यांच्याकडे बसलेल्या मुलांतलं असतं, त्यावर रडू नका आणि हुरळूनही जाऊ नका.

तुम्ही तिची उत्तरपत्रिका जोडलीत, हे फार बरं केलंत. गणितात तिने १४ प्रश्न कोरेच सोडलेत. का? सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत! गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे आहेत, म्हणजे अर्धा पेपर एकट्या गणिताचा. चार पर्यायांतला डोळे मिटून एक निवडला तरी १४ पैकी तीन-चार बरोबर यायची शक्यता असते, ते सहा-आठ गुण झाले. दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर आणखी जास्त. तिला सांगा, शेवटची पाच मिनिटं राखून ठेव आणि एकही प्रश्न रिकामा सोडू नकोस.

दुसरी गोष्ट वेळेची. भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताला वेगळी ९० मिनिटं, तिथे प्रश्नामागे १०८ सेकंद मिळतात. मुलं भौतिकाच्या एका गणितात चार मिनिटं अडकतात आणि रसायनातले पाठ असलेले सोपे प्रश्न वाचायचेच राहतात. तिने रसायन आधी संपवून पाहावं. सराव वहीवर नको, संगणकावर घड्याळ लावून करू द्या.

अकरावीची पुस्तकं रद्दीत घातली नसतील अशी आशा आहे. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर येतात, तेही ठरावीक प्रकरणांवरच. ती यादी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असते. तेवढी प्रकरणं आधी करायची. बोर्डाकडे मात्र दुर्लक्ष नको. अभियांत्रिकीला बारावीत या विषयांत खुल्या वर्गासाठी किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के लागतात.

लातूरचा विचार निकालानंतर करू. तिने अजून एकदाही खरी परीक्षा दिलेली नाही, तिला आत्ताच रिपीटर ठरवणं मला पटत नाही. आणि वालचंद कॉलेजचं नाव तुम्ही लिहिलंय, पण सांगलीचं वालचंद वेगळं आणि आपल्या सोलापूरचं वालचंद वेगळं. कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा पर्याय अर्ज भरताना कॉलेजचा कोड पाहूनच भरा.

तुमच्याकडून एक काम मात्र याच आठवड्यात व्हायला हवं. राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जात पडताळणीचा प्रस्ताव कॉलेजमार्फत लगेच दाखल करा आणि नॉन-क्रिमीलेअर लागू असेल तर तेही काढायला टाका. निकालानंतर सेतूमध्ये झुंबड उडते.