मायक्रोफोनच्या आवाजाचे आकडे स्थिर का राहत नाहीत?

प्रश्न : प्युअर डेटामध्ये (ऑब्जेक्ट एकमेकांना जोडून आवाज-चित्रांचे प्रोग्रॅम बनवायचे सॉफ्टवेअर) टाळीने ग्राफिक्सचा वेग बदलायचा आहे. ‘एडीसी~’ (मायक्रोफोनचा आवाज आत आणणारा ऑब्जेक्ट) थेट नंबर बॉक्सला जोडता येत नाही. मध्ये ‘स्नॅपशॉट~’ घातले, तर आकडे कधी उणे, कधी अधिक, भर टाळीत शून्याजवळ. चूक कुठे?

उत्तर : जोडणी चुकलेली नाही, ऑब्जेक्ट चुकला आहे. ‘स्नॅपशॉट~’ बँग (‘आता कर’ असा इशारा) मिळाला की त्या घडीचा एकच नमुना, म्हणजे लाटेचे त्या क्षणाचे मूल्य देतो. लाट शून्य ओलांडत असताना बँग पडला तर टाळी कितीही जोरात असो, आकडा शून्याजवळच येणार. अर्ध्या हर्ट्झच्या ‘ऑस्क~’सारख्या (लहर तयार करणारा ऑब्जेक्ट) संथ लहरीला मात्र तो उत्तम, ‘मेट्रो २०’ने (दर २० मिलिसेकंदांनी बँग देणारा) सेकंदाला ५० वेळा वाचा.

आवाजाची पातळी हवी तर ‘एन्व्ह~ १०२४’ वापरा. ४४,१०० हर्ट्झला १०२४ नमुने म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद. त्यांची सरासरी शक्ती तो डेसिबलमध्ये देतो, दर ५१२ नमुन्यांनी, आपणहून. मेट्रो लागत नाही. इथे १०० म्हणजे पूर्ण पातळी, इतरत्र असते तशी शून्य नव्हे. इतर सॉफ्टवेअरची सवय असलेले इथेच फसतात.

आता खोली शांत ठेवून आकडा वाचा. समजा ४५ आला आणि टाळीला ८५. मग ‘- ४५’, ‘/ ४०’ आणि ‘क्लिप ० १’ अशी साखळी लावा, म्हणजे शांततेला ० आणि टाळीला १ मिळेल. ‘एन्व्ह~’ची चौकट (एका वेळी मोजायचे नमुने) १०२४ऐवजी ४०९६ केली तर आकडे गुळगुळीत होतील, पण टाळीची धार बोथट होईल आणि प्रतिसाद रेंगाळेल. सगळे आकडे शून्यच दिसत असतील, तर आधी डीएसपी (प्युअर डेटातील आवाजाची प्रक्रिया) चालू आहे ना ते बघा.