ओरलँडोला डिस्ने वर्ल्डला चाललोय, थीमवाली रेस्टॉरंट कुठली निवडू?

दादा, एक लक्षात ठेवा, दिवसाला असं एकच जेवण ठरवा, बाकी वेळ काउंटरवर पटकन खाऊन घ्या. आपण वाघोलीला चोखी ढाणीत जातो ते काय फक्त दालबाटीसाठी नाही ना, सगळा माहोल बघायला जातो, तसंच आहे हे, फक्त बिल डॉलरमध्ये येतं.

मुलं बरोबर असतील तर माझं मत हॉलिवूड स्टुडिओज या डिस्ने वर्ल्डच्याच पार्कमधलं साय-फाय डाईन-इन. आत कायम रात्र, वर चांदण्या, जुन्या गाड्यांसारखी टेबलं आणि समोर पडद्यावर जुन्या सायन्स फिक्शन पिक्चरचे तुकडे, त्यामुळे गाडीत पुढेमागे बसावं लागतं आणि नीट गप्पा होत नाहीत, आजी-आजोबा असतील तर हा विचार आधी करा. त्यांच्यासाठी एपकॉट या तिथल्याच दुसऱ्या पार्कमधलं सॅन एंजल इन बरं, पिरॅमिडच्या पायथ्याशी, मंद उजेडात, शेजारून बोटी जातात, फार शांत वाटतं. स्पेस २२० हे रेस्टॉरंट पण एपकॉटमध्येच, 2021 मध्ये उघडलं, लिफ्टमधून अंतराळात गेल्यासारखं वाटतं पण फिक्स मेनू, महाग पडतं. त्याच्याच लाउंजमध्ये तेच दृश्य आणि सुटे पदार्थ मिळतात, मी तरी तेच घेईन.

बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी बसा. शाकाहारी असाल तर मेनू आधीच ऑनलाइन वाचा. आणि हो, ही तिन्ही पार्कच्या आत आहेत, त्या दिवशीचं त्याच पार्कचं तिकीट लागणारच.